वाचलं, रडलो, आता पुढे काय?

या महिन्यात आलेल्या पत्रांमधे आणि मेल्समधे एकाच जातीच्या पुस्तकांबद्दल विचारणारे इतके जण निघाले की म्हटलं सगळे एकत्रच घेऊ. संकटावर मात करा, आयुष्य बदला, या छापाची पुस्तकं. प्रश्न थोडे छाटलेत, नावं काढून टाकलीत.

प्रश्न : ताई, मी २७ वर्षांचा, मूळ बार्शी तालुक्यातला, चार वर्षं पुण्यात एमपीएससी करतोय. दोनदा प्रिलिम निघाली, मेन्सला थोडक्यात कटऑफ हुकला. वाढदिवसाला रूममेटनं व्हिक्टर फ्रँकलचं 'मॅन्स सर्च फॉर मीनिंग' हे पुस्तक दिलं, म्हणाला वाच, लाईफ चेंज होईल. नाझी छळछावणीत सगळं गमावलेला डॉक्टर, तरी खचला नाही. वाचलं, रडलो, आठवडाभर एकदम चार्ज होतो, मग परत तेच, सकाळी अभ्यासिकेत जायचं म्हटलं की पोटात गोळा येतो. आणि आता नवीनच त्रास, की त्या माणसानं छावणी सोसली आणि मला एक रिझल्ट सोसवत नाही म्हणजे मीच फालतू. प्रॉब्लेम माझ्यात आहे का पुस्तकात?

उत्तर : तुझ्यातही नाही आणि पुस्तकातही नाही रे, "लाईफ चेंज होईल" म्हणून ते हातात दिलं ना, तिथे घोळ झाला. मित्रानं प्रेमानं दिलं, त्याला काही बोलू नकोस. पण फ्रँकलनं ते तसं लिहिलंच नव्हतं. व्हिएन्नाचा हा मानसोपचारतज्ज्ञ, जन्म १९०५ चा, सप्टेंबर १९४२ मधे बायको आणि आईवडलांसकट तेरेझिनच्या छावणीत, म्हणजे जर्मन लोक जिला थेरेझिएनश्टाट म्हणायचे तिथे नेला गेला, ऑक्टोबर १९४४ मधे आउशवित्झला, तिथून थोड्याच दिवसांत डाखाऊच्या पोटछावण्यांमधे, आणि २७ एप्रिल १९४५ ला सुटला. वडील तेरेझिनलाच वारले, आई आणि भाऊ आउशवित्झच्या फेऱ्यात, बायको टिली बर्गेन-बेल्सेनला. वडलांचं त्याच्यासमोरच झालं, बाकीच्यांचं त्याला कळलं व्हिएन्नात परत आल्यावर. मग नऊ दिवसांत त्यानं पुस्तक सांगून लिहून घेतलं, १९४६ मधे जर्मनमधे आलं, आणि आधी तर त्याला त्यावर स्वतःचं नावसुद्धा नको होतं, नुसता कैदी नंबर टाकायचा विचार होता. नंतर ते लाखोंनी खपलं तेव्हाही त्यानं प्रस्तावनेत लिहिलं की यशाच्या मागे लागू नका. म्हणजे बघ, ज्याला आपण मोटिव्हेशनचा बाप करून ठेवलाय तो माणूस हे म्हणतोय.

आता तुझी "तो सोसू शकला, मी नाही" वाली गोष्ट. पुस्तकाची पहिली काही पानं परत काढ. तिथे तो सरळ लिहितो की आमच्यातले जे सगळ्यात चांगले होते ते परत आलेच नाहीत. वाचलेल्यांना तो हिरो करत नाही. मी वाचलो यात नशीब किती होतं हे त्यानं लपवलेलं नाही, आणि दुसऱ्यांची मदतही लपवलेली नाही. त्याच्या तुकडीवर जो कापो होता, म्हणजे कैद्यांमधूनच नेमलेला मुकादम, त्याच्या प्रेमाच्या आणि संसाराच्या कटकटी फ्रँकल शांतपणे ऐकून घ्यायचा, डॉक्टरच तो. तर हा कापो त्याला चालताना पुढच्या रांगांत आपल्याजवळ ठेवायचा, कारण मागे रेंगाळणाऱ्यांना मार पडायचा, आणि दुपारचं सूप वाढताना त्याच्या वाट्याला डाव थेट पिंपाच्या तळाशी घालून चार वाटाणे काढून द्यायचा. चार वाटाणे! बाकीच्यांना वरचं पाणी. हे पान कुठल्याही रीलमधे येत नाही, कारण यातून "सगळं तुझ्या मनावर आहे" असं काही निघत नाही. मन घट्ट होतंच त्याचं, पण वाटाणे पण होते, आणि सुटल्यावर नोकरी आणि राहायला जागा मिळवून द्यायला धावलेले मित्र पण होते. तुझ्या मेसच्या डब्याचे पैसे उधार ठेवणारा, नोट्स देणारा, घरून गुपचूप हजार रुपये पाठवणारी बहीण, हे सगळे तू हिशोबात धरतोस का? बहुतेक नाही धरत, कारण ही पुस्तकं वाचून वाटतं की खरा माणूस एकट्याच्या जिवावर वर येतो.

अजून एक जागा आहे, ती मला वाटतं खास तुझ्यासाठी आहे. छावणीतल्या एका सोबत्याला फेब्रुवारी १९४५ मधे स्वप्न पडलं, स्वप्नातल्या आवाजानं सांगितलं की तुमची सुटका ३० मार्चला. बिचारा खुशीत होता. मार्च संपत आला, बातम्या काही सुटकेच्या नव्हत्या. २९ तारखेला त्याला ताप भरला, ३० ला शुद्ध गेली, ३१ ला गेला. टायफस नावाच्या साथीच्या तापानं. फ्रँकलचं म्हणणं असं की आशा तुटली आणि अंगातली झुंजायची ताकदच गेली. वैद्यकीयदृष्ट्या हे किती सिद्ध करता येईल मला शंकाच आहे, टायफस त्या वेळी आशा असलेल्यांनाही नेत होता. पण एका तारखेवर सगळं आयुष्य टांगून ठेवलं की काय होतं हे मी पेठेतल्या मुलांमधे बघते. रिझल्ट लागेपर्यंत लग्न नको, गावाला जाणं नको, दातांच्या डॉक्टरकडे जाणं पण नको, सगळं "पोस्ट निघाल्यावर". आणि जाहिरात पुढे गेली, परीक्षा पुढे गेली, की माणूस नुसता लटकलेला.

आणि एक मोठ्ठा फरक विसरू नकोस. फ्रँकलला छावणी सोडता येत नव्हती. तुला सोडता येते. उद्या तू फॉर्म भरला नाहीस तर कुंपणावरून कोणी गोळी झाडणार नाही, फारतर चुलते दोन शब्द बोलतील. त्यामुळे "कितीही सोसा" हा धडा तुझ्या केसला लागूच पडत नाही. तुझं काम वेगळंय, बसून ठरवायचं की अजून किती अटेम्प्ट, कुठल्या महिन्यापर्यंत, आणि तोवर हातात चार पैसे येतील असं काय करता येईल. अकाउंटला किती आहेत, घरून किती येतात, हे कागदावर मांड. क्लासमधे पेपर तपासायचं काम बरेच जण करतात, चौकशी कर. आणि पोटात गोळा येणं, झोप न लागणं हे दोन-तीन आठवडे सलग चालू असेल तर पुस्तक बाजूला ठेव आणि १४४१६ ला फोन कर, टेलिमानस म्हणून सरकारी हेल्पलाईन आहे, २०२२ पासून, फुकट आहे, मराठीत बोलतात. लाजू नकोस. फ्रँकल स्वतः मानसोपचारतज्ज्ञच होता की, अशा माणसांसाठीच त्याचा दवाखाना होता.

प्रश्न : माझ्या मिस्टरांना दारू आहे, हात पण उचलतात. मोठ्या जाऊबाई वाचनाच्या फार शौकीन, त्यांनी मला याच फ्रँकलचा मराठी अनुवाद दिला आणि म्हणाल्या की बघ, दुःखातसुद्धा अर्थ असतो, आपण आपला दृष्टिकोन बदलायचा, समोरचा बदलत नसतो. मी वाचतेय. पण मनाला पटत नाही. माझं कुठे चुकतंय? — सांगली जिल्ह्यातून

उत्तर : ताई, तुमचं काहीही चुकत नाहीये, जाऊबाईंनी पुस्तक अर्धंच वाचलंय. त्याच पुस्तकात पुढे, जिथे तो आपली उपचारपद्धती समजावून सांगतो तिथे, त्यानं अगदी स्वच्छ लिहिलंय की दुःख टाळता येण्यासारखं असेल तर त्याचं कारण दूर करणं हेच अर्थपूर्ण, आणि गरज नसताना सोसत बसणं यात शौर्य नाही, तो स्वतःला छळण्याचा प्रकार झाला. दृष्टिकोन बदलायची भाषा तो कुठे करतो, तर बरा न होणारा कॅन्सर वगैरे, जिथे दुसरं काही हातात उरलेलं नाही तिथे. नवऱ्याचा मार हा कॅन्सर नाही. त्याला कायदा आहे, २००५ चा कौटुंबिक हिंसाचार कायदा, त्यात जिल्ह्याजिल्ह्यात संरक्षण अधिकारी नेमलेले असतात, त्यांच्याकडे तक्रार देता येते, आणि राहतं घर नवऱ्याच्या किंवा सासऱ्यांच्या नावावर असलं तरी त्यात राहायचा तुमचा हक्क कोर्टाकडून मागता येतो. हे बायकांना माहीतच नसतं, सगळ्यात पहिली धमकी तीच असते ना, "निघ माझ्या घरातून". महिलांची हेल्पलाईन १८१, आणि अंगावर आला तर ११२, त्या वेळी विचार करत बसू नका. मार लागला असेल तर सरकारी दवाखान्यात दाखवून केसपेपर जपून ठेवा, माहेरी किंवा शेजारी एका विश्वासातल्या बाईकडे त्याची झेरॉक्स आणि आधारकार्डाची झेरॉक्स ठेवा, थोडे पैसे पण.

दारूचं वेगळं. त्यांची दारू सुटावी म्हणून प्रयत्न जरूर करा, पण ती सुटेपर्यंत मार खायचा असा करार कोणी केलेला नाही. आणि जाऊबाईंना पुस्तक परत देताना ते पान दुमडून द्या, मला फार आवडेल.

प्रश्न : माझं दुकान आहे, रात्री साडेबाराला बंद करून घरी येतो. पहाटे पाचला उठायचं २१ दिवसांचं चॅलेंज घेतलं होतं, पुस्तकात लिहिलंय २१ दिवसांत सवय लागते. तेराव्या दिवशी लग्नाला गेलो, उठलो नाही, सगळं मुसळ केरात. आता परत एक पासून सुरू करू का? — नाशिक

उत्तर : नका करू, चौदापासून करा! हा २१ चा आकडा आला कुठून ते ऐका. मॅक्सवेल माल्ट्झ नावाचे अमेरिकन प्लास्टिक सर्जन होते, त्यांच्या लक्षात आलं की नाक वगैरे बदललेल्या पेशंटला आरशातल्या नव्या चेहऱ्याची सवय व्हायला कमीत कमी साधारण २१ दिवस लागतात. १९६० च्या त्यांच्या पुस्तकात हे आलं, पुढच्या लोकांनी त्यातलं "कमीत कमी" आणि "साधारण" दोन्ही उडवलं आणि उरला नुसता २१. बिचाऱ्या सर्जननं पहाटे उठण्याबद्दल सांगितलेलं नव्हतं. नंतर लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधे फिलिपा लॅली आणि मंडळींनी ९६ लोकांवर खरंच मोजून बघितलं, जेवणाबरोबर फळ खाणं, पाणी पिणं, थोडा व्यायाम असल्या सवयी. सरासरी निघाली ६६ दिवस, आणि माणसामाणसात फरक केवढा तर १८ पासून २५४ पर्यंत. त्यातच हेही दिसलं की मधे एखादा दिवस चुकला तर फारसं काही बिघडत नाही. त्यामुळे लग्नात जेवलात, छान केलंत. बाकी पाचलाच का उठायचंय हे मात्र तुम्ही लिहिलं नाहीत, रात्री साडेबाराला दुकान बंद करून घरी येणाऱ्यानं पाचला उठणं म्हणजे तब्येतीशी खेळ आहे, पुस्तक लिहिणारा तुमचं दुकान बघायला येत नाही.

प्रश्न : मी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला, खेड्यातून आलोय, इंग्लिशची भीती, प्लेसमेंटच्या ग्रुप डिस्कशनमधे तोंडच उघडत नाही. एका पुस्तकात दिलंय रोज आरशासमोर म्हणायचं "मी आत्मविश्वासानं भरलेला आहे". म्हणतो मी, पण म्हणताना अजूनच खोटं वाटतं. — छत्रपती संभाजीनगर

उत्तर : तुला खोटं वाटतं कारण तू स्वतःला ओळखतोस. चेष्टा नाही, कॅनडात जोआन वुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर प्रयोग केला होता, २००९ मधे छापून आलाय. ज्यांचं स्वतःबद्दलचं मत आधीच खाली असतं त्यांना असली वाक्यं घोकायला लावली तर बरं वाटण्याऐवजी उलट जास्त वाईट वाटलं. ज्यांना गरज नव्हती त्यांना थोडा फायदा झाला, म्हणजे काय म्हणावं आता.

तू त्यापेक्षा अल्बर्ट एलिसचं बघ. हा पुढे मोठा मानसशास्त्रज्ञ झाला, विवेकनिष्ठ उपचारपद्धती त्याचीच, पण १९ वर्षांचा होता तेव्हा मुलींशी बोलायची इतकी भीती की घाम फुटायचा. १९३३ सालची गोष्ट. न्यूयॉर्कमधे ब्राँक्सच्या बोटॅनिकल गार्डनमधे रोज जायचा, आणि नियम असा की एकटी बाई बाकावर दिसली की त्याच बाकावर बसायचं आणि एक मिनिटाच्या आत काहीतरी बोलायचं, हवा कशी आहे, पुस्तक कुठलं वाचताय, काहीही. महिनाभरात १३० जणींच्या शेजारी बसला. ३० जणी लगेच उठून गेल्या. उरलेल्या १०० जणींशी बोलला. डेटला यायला कबूल झाली किती, एक! आणि ती पण आली नाही. आता आरशाच्या हिशोबानं हा पूर्ण फेल, पण एलिसला कळलं ते असं की नकार मिळाला तरी आभाळ कोसळत नाही, कोणी पोलीस बोलावत नाही, आणि शंभराव्या बाईशी बोलताना भीती पहिल्यासारखी राहिलेली नसते. (आज हा प्रयोग जसाच्या तसा बागेत करू नकोस बाबा, मुलींना ताप होतो आणि तुला मार पडेल.)

तू तुझ्या प्रश्नापुरता करायचास. ग्रुप डिस्कशनमधे पहिलंच वाक्य मुद्दाम बोलायचं, मोडकं बोलायचं, दुसऱ्या कोणीतरी बोललेल्याला नुसतं "आय ॲग्री, बिकॉज" म्हणून एक कारण जोडायचं, एवढंच. हॉस्टेलवर चारपाच जण जमवून आठवड्यातून दोनदा. हसतील. हसू दे, तेच तर पाहिजे, हसल्यावर काय होतं ते बघायचंय तुला. एलिसवर मराठीत अंजली जोशींची 'मी अल्बर्ट एलिस' ही कादंबरी आहे, ती वाच, लहानपणी किडनीच्या दुखण्यानं दवाखान्यात पडलेला, आईवडलांचं फारसं लक्ष नसलेला पोरगा पुढे काय काय करतो ते त्यात आहे, आणि ती वाचताना कोणी आपल्याला उपदेश करतंय असं वाटत नाही.

प्रश्न : शाळेच्या फळ्यावर सुविचार म्हणून लिहायचंय, "घटना आणि आपला प्रतिसाद यांच्यामधे एक मोकळी जागा असते, त्या जागेत आपलं स्वातंत्र्य असतं", खाली व्हिक्टर फ्रँकल लिहिलं तर चालेल ना? — एक शिक्षिका, रत्नागिरी

उत्तर : वाक्य लिहा, नाव लिहू नका. फ्रँकलच्या पुस्तकांत हे वाक्य सापडत नाही. स्टीफन कव्ही या अमेरिकन लेखकानं ते कुठल्याशा लायब्ररीतल्या पुस्तकात वाचलं होतं, लेखकाचं नाव त्याला आठवत नव्हतं, तो फ्रँकलबद्दल बोलताना हे वाक्य सांगायचा आणि लोकांनी दोन्ही चिकटवून टाकलं. मुलांना हाच किस्सा सांगितलात तर सुविचारापेक्षा जास्त लक्षात राहील, व्हॉट्सॲपवर आलेल्या प्रत्येक गोष्टीखाली कोणाचं तरी नाव असतंच.

प्रश्न : सगळी बाहेरची पुस्तकं सांगता तुम्ही! आपल्या मराठीत संकटातून उभं राहिलेल्या माणसाचं पुस्तक नाही का? माझी आई ६८ वर्षांची आहे, बाबा गेल्यापासून गप्प असते, तिला वाचायला द्यायचंय. उपदेशाचं नको. — ठाणे

उत्तर : आहेत की, भरपूर. पण तुमच्या आईसाठी मी डोळे झाकून लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' सांगीन. वाचलं नसेल तर हेवा वाटतो मला त्यांचा, पहिल्यांदा वाचायची मजा शिल्लक आहे. लहानपणी लग्न, नवरा कवी आणि विक्षिप्त, कधी उठून कुठे जाईल पत्ता नाही, हातात आलेले पैसे वाटून मोकळा होणारा. १८९५ मधे नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ती धर्म घेतला, आणि त्या काळात, त्या सोवळ्याओवळ्याच्या घरात, बाईचं काय झालं असेल विचार करा, नवरा जिवंत असून नसल्यासारखा, पदरात पोर, नातेवाईकांच्या दारी राहायचं. पाचेक वर्षं अशी काढली, मग त्यांचं त्यांनी ठरवलं आणि त्याही ख्रिस्ती झाल्या. शाळेचं तोंड न बघितलेली ही बाई, लिहावाचायला नवऱ्याकडे शिकली, आणि १९१९ मधे टिळक गेल्यावर त्यांचं अर्धवट राहिलेलं 'ख्रिस्तायन' हे काव्य हिनं पुरं केलं.

एवढं सगळं झालं पण पुस्तकात रडगाणं म्हणून नाही, आणि "मी बघा कशी जिंकले" हे पण नाही. नवऱ्याशी भांडणं आहेत, फजित्या आहेत, स्वतःची केलेली चेष्टा आहे, वडलांच्या सोवळ्याच्या तऱ्हा वाचताना तर हसून पुरेवाट होते, आणि त्या हसण्याच्या खाली केवढा जाच होता ते मागाहून लक्षात येतं. मदत करणाऱ्यांची नावं बाई जागच्या जागी घेतात, त्रास देणाऱ्यांची पण. गप्प बसलेल्या माणसाला मला वाटतं असंच पुस्तक द्यावं, ज्यात कोणी तरी बोलतंय, समोर बसून बोलल्यासारखं.

फक्त हातात ठेवून निघून जाऊ नका. ६८ व्या वर्षी बारीक टाईप त्रासाचा होतो, शक्य असेल तर संध्याकाळी तुम्हीच दोनदोन पानं मोठ्यानं वाचा, टीव्हीवरच्या सिरीयलच्या आधी, आणि मधेच आई तिच्या माहेरचं काही सांगायला लागली तर पुस्तक मिटून ठेवा. लायब्ररीतून घेणार असाल तर नीट बघून घ्या, संक्षिप्त आवृत्तीसुद्धा बाजारात आहे, चारही भाग असलेली जाडजूड प्रत मागा.